आतला तुकडा

विभागात सगळे त्यांना 'परीक्षकबाई' म्हणत. कामच तसं होतं. कुणी माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याची किडनी दान केली, की तिचा एक बारीकसा तुकडा बाईंच्या प्रयोगशाळेत यायचा. तो गोठवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सर्जनला सांगायचं: बसव, नाहीतर राहू दे. घरी जेवताना मुलगी विचारायची, "आई, आज पास की नापास?" नवरा डोळे वटारायचा, पण बाईंना त्याचं काही वाटत नसे.

एका सकाळी आलेली किडनी साठी उलटलेल्या गृहस्थांची होती. त्यांना ब्लड प्रेशरचा जुना त्रास होता. दोन रुग्णालयांनी आधीच हात वर केले होते. बाईंनी कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि त्यांचं तोंड उतरलं. रक्त गाळणाऱ्या बारीक पुंजक्यांपैकी निम्मेअधिक वण पडून घट्ट झालेले. सांगायला फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. तुकड्याच्या एका कडेला किडनीवरचं आवरण दिसत होतं. म्हणजे साल काढावी तसा नुसता वरचा पातळ भाग आला होता. आणि वय झालेल्या किडनीत वण आधी तिथंच पडतात.

त्यांनी सर्जनला फोन लावला. दोघं एकाच वर्गातले.

"मला अजून एक तुकडा दे. जरा आतला."

"अगं, वेडी आहेस का? प्रत्येक छेद म्हणजे नंतर रक्त वाहायची भीती. इथं किडनी बर्फात पडून आहे, वेळ चाललाय."

"वरवरचं बघून मी नापास करणार नाही. तुला घाई असेल तर दुसऱ्या कुणाला विचार."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला. थोड्या वेळाने तुकडाही आला.

या वेळी बाईंनी एकेक पुंजका दोनदा पाहिला. बहुतेक सगळे मोकळे, नाजूक, धडधाकट. रक्तवाहिन्या थोड्या जाड होत्या, पण त्या वयाला तेवढं चालायचंच.

"बसव," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

किडनी एका शिंप्याला बसवली. आणि ती कामच करेना. दुसरा दिवस कोरडा गेला, लघवीचा थेंब नाही; तिसराही तसाच. शिंप्याला पुन्हा डायलिसिसवर घेतलं. बाईंचं जेवणावरून मन उडालं. त्या काचा त्यांनी परत परत काढून पाहिल्या.

"तू थोडीच कापलीस?" नवरा म्हणाला.

"पण 'बसव' तर मीच म्हटलं ना."

सर्जन मात्र थंड होता. "म्हातारी किडनी आहे, बर्फातून उठायला वेळ लावते. धीर धर."

आठवडा सरता सरता दुपारी त्याचा फोन आला. "खाली ये. लघवीची पिशवी भरून वाहायला आली, नर्सची पळापळ चाललीय!"

बाई होत्या तिथंच स्टुलावर बसल्या. सहकाऱ्यांना वाटलं चक्कर आली. "काही नाही, काही नाही," म्हणत त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग डोळे पुसले.

रुग्णाला भेटायचा त्यांचा रिवाज नव्हता. त्या दिवशी मात्र त्या वॉर्डच्या दारापर्यंत गेल्या. आत शिंप्याची बायको हातात पेला घेऊन नवऱ्यावर करवादत होती.

"बघा ना हो!" दारात कुणी डॉक्टर दिसल्याबरोबर ती म्हणाली. "इतकी वर्षं डायलिसिसमुळे पाण्याचा एकेक घोट मोजून दिला, तर चोरून प्यायचे. आता मोठे डॉक्टर सांगून गेलेत, भरपूर पाणी द्या. तर हे विचारतात, किती घोट?"

शिंपी ओशाळून हसला. "सवय गेलीय हो. पूर्ण पेला तोंडाला लावायचा धीरच होत नाही."

"प्या," बाई म्हणाल्या. "बिनधास्त प्या."

त्याने पेला हातात घेतला, एकदा बायकोकडे पाहिलं आणि डोळे मिटून घटाघटा रिकामा केला. बायकोने लगेच तांब्या उचलला.