मुळ्याच्या वाफ्यातले दगड

परळच्या आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा ते बाग शिकवायला येत. मुलं त्यांना बागेचे गुरुजी म्हणायची, म्हणून आम्ही शिक्षकही तेच म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. मूठभर माती हुंगल्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे. मुलांनी घरून आणलेली भाजीची देठं खड्ड्यात कुजवायची, विकतच्या खताला शिवायचं नाही आणि मुळा सरळ वाढावा म्हणून वाफ्यात खडासुद्धा ठेवायचा नाही, हा त्यांचा हट्ट. वेचलेल्या दगडांचा कुंपणाशी गुडघाभर ढीग झाला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. एका सकाळी नाक्यावर दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि पाठोपाठ पोलिसांची गाडी आमच्या गल्लीत शिरली. गुरुजींनी ढिगाकडे पाहिलं.

"बाई, हे दगड मुळ्यासाठी वेचलेत, हे त्यांना पटेल? मोठ्या पोरांना उचलून नेतील."

"बाहेर टाकू या?"

"बाहेर टाकले तर कुणीतरी उचलून मारील."

मग ते मुलांना म्हणाले, "चला रे, आज दगड पेरायचे."

आम्ही सगळ्यांनी मुळ्याच्या वाफ्यातली माती हातांनी उकरून दगड गाडले. हवालदार आत आला, तेव्हा गुरुजी झारीनं त्याच वाफ्याला पाणी घालत होते. अर्धं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. हवालदार बघून निघून गेला.

पुढे मुळे आले ते वाकडे, दोन-दोन पाय फुटलेले. मुलं खूप हसली.

"आता काढू या दगड?" मी विचारलं.

गुरुजी फाटकाकडे बघत म्हणाले, "इतक्यात नको, बाई."