साडेपाच तासांचा फरक

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण ही एक अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे. धाराशिव जिल्ह्यात, बेंबळीकडच्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सहायक पोलीस निरीक्षक. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि समोर बसलेला माणूस खरा की खोटा हे आपण पाच मिनिटांत ओळखतो, असा माझा समज होता. तो फारसा चुकीचाही नव्हता. नावं मात्र कुणाचीच देत नाही. ही माणसं अजून त्याच गावात राहतात आणि रोज एकमेकांसमोर येतात.

मंगळवारची गोष्ट. गावातलं एक सधन शेतकरी कुटुंब शेजारच्या गावी साखरपुड्याला गेलं होतं. संध्याकाळी सहाला निघालं, पावणेआठला परत आलं, तर दाराचं कुलूप तुटलेलं आणि लोखंडी कपाटातले दागिने गायब. शेजारच्या बाईंनी सातच्या सुमाराला कुलूप तुटल्याचा आवाज ऐकला होता. त्यांची मालिका नुकतीच लागली होती, त्यामुळं वेळेबद्दल त्या ठाम होत्या, आणि मालिका लागल्यामुळंच उठून बघायलाही गेल्या नव्हत्या. नऊला फिर्याद दाखल झाली. पंचनामा करताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. दाराचं कुलूप फोडलेलं होतं, पण कपाटातला तिजोरीचा खण मात्र किल्लीनं उघडलेला होता. फिर्यादी बाईंची किल्ली त्यांच्या कमरेलाच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बीट हवालदारांच्या मोबाइलवर खबर आली. खबर देणारा गावातलाच एक टेम्पोवाला.

"कपाट कुणी बनवलंय ते बघा की. दोन म्हयनं बी झालं न्हाईत. बनवणाऱ्याकडं किल्ली असनारच."

कपाट बनवलं होतं गावातल्या वेल्डरनं. स्टँडमागच्या गल्लीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं, एकटाच काम करायचा. दारं, खिडक्या, कपाटं. बुधवार, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. भर बाजारातून आमची गाडी गेली आणि भर बाजारातूनच मी त्याला उचलून आणलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गावाला दिसावं की पोलीस हातावर हात धरून बसलेले नाहीत, असाच माझा हिशेब होता.

तो एकच सांगत राहिला. "मंगळवारी दुपारी धाराशिवला रॉड आणायला गेल्तो. तीनला आलो. मंग एक गेट करायला घेतलं ते साडेसात पावतर तेच करत हुतो. दुकानातनं हाललो न्हाय, सायेब."

"कुणी बघितलं?"

"कोन बघनार? वेल्डिंगकडं कोन बघतंय, डोळं जात्यात."

संध्याकाळचं मोबाइल लोकेशन काढून उपयोग नव्हता. अख्ख्या गावाला टॉवर एकच. गुरुवारी त्याला कोर्टात हजर केलं, सोमवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. परत आलो तर माझ्या टेबलावर एक जाड वही.

"रेडिओवाले गुरुजी आल्ते," ठाणे अंमलदार हसत म्हणाले. "म्हणले, साहेबांना द्या, यात समदं हाय. वेल्डरची तक्रारच असंल परत."

हे गुरुजी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले. घर वेल्डरच्या दुकानाला लागूनच. त्यांना परदेशातली शॉर्टवेव्ह रेडिओ केंद्रं ऐकायचा नाद होता. घराच्या छपरापासून कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ताणलेली, आणि खोलीत बसून जगभरातले खरखरते आवाज ऐकायचे. कुठलं केंद्र, कधी लागलं, किती स्पष्ट आलं, मध्ये कसला अडथळा आला, हे सगळं वहीत उतरवायचं आणि त्या केंद्राला कळवायचं. मग तिकडून ऐकल्याची पावती म्हणून एक चित्राचं कार्ड यायचं. गावात काहीजण त्यांना हेर म्हणायचे, बाकीचे रिकामटेकडे. वेल्डिंग मशीन सुरू झालं की त्यांच्या रेडिओत नुसता कडकडाट व्हायचा. त्यामुळं त्या वेल्डरशी त्यांचं हाडवैर होतं. आमच्या आवक रजिस्टरला त्यांचे तीन अर्ज होते. मीच एकदा दोघांना समोर बसवून तंबी दिली होती आणि दोघंही तोंड फिरवून गेले होते.

मी वही उघडली. मंगळवारचं पान खुणेला कागद घालून ठेवलं होतं. सुंदर अक्षर. 'न्यूझीलंडचं केंद्र, अत्यंत क्षीण. १२.५२ ते १४.०८ वेल्डिंगचा अडथळा. मध्ये विश्रांती दोन-तीन मिनिटांच्याच. कार्यक्रम वाया गेला.' आणि संध्याकाळी? अठरा, एकोणीस वाजताच्या जागी काही नाही, पान कोरं.

मी वही मिटली आणि खरं सांगतो, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वेल्डर म्हणतो दुपारी धाराशिवला होतो, तर वहीप्रमाणे दुपारी मशीन चालू. तो म्हणतो सातला मशीन चालू होतं, तर वहीत नोंदच नाही. आणि हे लिहिणारा माणूस असा की मशीनची एक ठिणगी पडली तरी टिपून ठेवणारा.

शुक्रवारी मी वेल्डरला समोर घेतलं. अंगाला हात लावला नाही. मला त्याची गरज कधी पडली नाही. फक्त वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या.

"दुपारी एकला तुझं मशीन कसं काय चालू होतं रे?"

"न्हवतं, सायेब."

"मग गुरुजी खोटं लिहितात?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "गुर्जी खोटं न्हाय लिव्हनार," म्हणाला. "पर म्या बी खोटं बोलत न्हाय."

अशी दोन्ही बाजूंनी सुटणारी उत्तरं मी पुष्कळ ऐकली होती. धाराशिवच्या दुकानात जाऊन रॉडची चौकशी करायला माणूस पाठवायचा होता, तो पाठवला नाही, दुपारचं मोबाइल लोकेशनही काढलं नाही. वही पुरेशी आहे, असं मी ठरवून टाकलं. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि गेटबाहेर बसायची. ती हवालदारांना म्हणाली, "सुटून आले तरी आता कोन घरात घील त्येनला माप घ्यायला?" हवालदारांनी ते मला सांगितलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

शनिवारी सकाळी गुरुजी आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

"वही द्या, साहेब. दोन दिवस झाले, सुट्या कागदावर नोंदी करतोय."

मी खुशीत होतो. चहा मागवला. "गुरुजी, तुमच्या वहीनं लई मोठं काम केलं. माणूस खोटं बोलत होता, ते तुमच्यामुळं उघडं पडलं."

त्यांचा कप हातातच राहिला. "कसलं खोटं? अहो, मी त्याला सोडवायला वही दिलती! सातला तो माझ्या डोक्यावर मशीन चालवत होता. चोरी कुठून करंल?"

"यात तर दुपारी लिहिलंय."

गुरुजींनी वही माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: सर्व नोंदी जागतिक वेळेनुसार.

"ही आपली वेळ न्हाय, साहेब. जगात कुठंबी ऐकणारा बसलेला असू दे, नोंद एकाच घड्याळानं करायची, असा आमचा नियम हाय. न्हायतर न्यूझीलंडवाल्याला कसं कळणार मी कधी ऐकलं? साडेपाच तास मिळवा."

मी मिळवले. बारा बावन्न म्हणजे संध्याकाळचे सहा बावीस. चौदा आठ म्हणजे सात अडतीस. आणि अठरा-एकोणीसच्या जागा कोऱ्या होत्या, कारण आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र होते आणि गुरुजी झोपलेले असतात.

मी कपाळाला हात लावला. जी वही त्याला सोडवायला आली होती, तिच्याच जोरावर मी त्याला दोन दिवस खोटारडा ठरवत होतो. पहिलं पान उघडायचे कष्ट घेतले नव्हते.

तरीही मी पोलीस. लगेच वितळलो नाही. "गुरुजी, हे तुम्ही मागाहूनही लिहू शकता."

त्यांनी मोबाइल पुढं केला. मंगळवारी रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी त्यांनी न्यूझीलंडला ईमेल पाठवला होता. त्यात तेच सगळं, वेल्डिंगच्या अडथळ्याच्या वेळांसकट. आमच्याकडं फिर्याद नऊला आली होती.

"बरं. पण मशीन दुसऱ्या कुणी चालवलं असेल तर?"

गुरुजी पहिल्यांदा हसले. "बारा वर्षं ऐकतोय त्याला. रॉड लावायच्या आधी दोनदा टोचतो. मग लांब ओढतो. सोडताना एक झटका. त्याचा हात मी झोपेत ओळखीन. सांगतो तुम्हाला, मला तो माणूस बिलकूल आवडत न्हाय. पण त्या वेळी तो मला छळत होता, चोरी करत नव्हता."

रविवारी मी एक प्रयोग केला. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात तो सापडणार नाही, पण मला माझी खात्री करून घ्यायची होती. धाराशिवहून दोन वेल्डर आणवले. आरोपीला बंदोबस्तात त्याच्याच दुकानात नेलं. तिकडं गुरुजी खोलीत, दार लावलेलं, कानाला हेडफोन. त्यांच्याजवळ दोन पंच आणि मी. दुकानात हवालदार फोनवर. तिघांनी आळीपाळीनं, मी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमानं, सहा वेळा मशीन चालवायचं.

पहिला आवाज आला. गुरुजींनी मान हलवली. "हा न्हाय."

दुसरा. "हाही न्हाय. नवखा दिसतोय, रॉड चिकटतोय ह्याचा."

तिसरा आवाज सुरू झाला आणि गुरुजींच्या कपाळाला रोजच्यासारख्या आठ्या पडल्या. "हा आला बघा आमचा."

सहाही वेळा बरोबर. एकदा दोन्ही पाहुणे लागोपाठ आले, तेही त्यांनी वेगवेगळे सांगितले. फिर्यादीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चालत दहा मिनिटं. दोन-तीन मिनिटांच्या विश्रांतीत जाऊन घरफोडी करून परत येणं कुणाला शक्य नव्हतं. दुपारी धाराशिवच्या दुकानदारानंही फोनवर सांगितलं की हो, मंगळवारी एकच्या सुमाराला माणूस रॉड घेऊन गेला.

मग मी पुन्हा सुरुवातीपासून विचार केला. किल्ली कुणाकुणाच्या हातून गेली? कपाट दुकानातून घरी गेलं ते टेम्पोतून, आणि किल्ल्या तेव्हा कपाटालाच लटकत होत्या. टेम्पो कुणाचा? ज्यानं खबर दिली त्याचाच. ही गोष्ट बुधवारी सकाळीच माझ्या लक्षात यायला हवी होती.

टेम्पोवाल्याला मी चहाला बोलावतात तसं बोलावलं. "मंगळवारी संध्याकाळी कुठं होतास रे?" म्हणाला, कळंबला, सोयाबीन उतरवत होतो. मग न विचारता व्यापाऱ्याचं दुकान सांगितलं, पोती सांगितली, कुणी काय खाल्लं तेही सांगितलं. खरं बोलणाऱ्याला पाच दिवसांपूर्वीचं आठवायला वेळ लागतो. याचं सगळं तयार होतं. कळंबचा टॉवर वेगळा, त्यामुळं इथं मात्र कॉल रेकॉर्ड कामाला आलं. त्याचा मोबाइल संध्याकाळभर गावातच होता. ते समोर ठेवल्यावर अर्ध्या तासात त्यानं सगळं ओकलं, कपाट नेताना किल्लीचा साबणावर ठसा घेतला होता तेही. दागिने टेम्पोच्या सीटखालच्या पेटीत मिळाले.

सोमवारी कोर्टात अहवाल दिला, वेल्डर सुटला. मंगळवारी तो ठाण्यात जप्त केलेला मोबाइल न्यायला आला. मी त्याला बसायला सांगितलं आणि म्हटलं, झालं ते झालं, आता मनात ठेवू नको. तो बसला नाही.

"सायेब, उद्या बाजार हाय. मला बाजारातनंच न्हेलं हुतं तुम्ही. उद्या माझ्यासंगं चालत चला आन् सांगा लोकास्नी."

हवालदार त्याच्यावर ओरडले. मी त्यांना थांबवलं.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तंत्र शिकवलं नाही, ते मला येत होतं. खबर आधी आली की पुढचा प्रत्येक पुरावा त्या खबरीच्या बाजूनं वाचला जातो, हे शिकवलं. गुरुजी बारा वर्षं दूरदेशीचे क्षीण आवाज ऐकत होते आणि न ऐकलेली एक ओळ त्यांनी कधी लिहिली नाही, आवडत्याच्या बाजूनं नाही की नावडत्याच्या विरुद्ध नाही. मी सत्तावीस वर्षं जबाब नोंदवत होतो, आणि मला ते जमलं नव्हतं. पुढच्या नोकरीत कुठलाही पुरावा हातात आला की मी तो देणाऱ्यालाच आधी समोर बसवून त्याचा अर्थ विचारायचो.

बुधवारी मी गणवेश घालून, टोपी घालून स्टँडवरून निघालो. शेजारी वेल्डर. भाजीच्या ओळीत तो थांबला, मी म्हटलं, "हा माणूस चोर नाही. चूक माझी झाली." कापडाच्या दुकानासमोर थांबला. पिठाच्या गिरणीसमोर थांबला. प्रत्येक ठिकाणी मी तेच वाक्य म्हटलं, ठणठणीत आवाजात. अधिकाऱ्याला मान खाली न घालता चूक कबूल करता आली पाहिजे, असं माझं मत आहे आणि तसं मी करत होतो.

शेवटी तो स्वतःच्या घरासमोर थांबला. उंबऱ्यात त्याची म्हातारी आई बसली होती. मला बघून ती भिंत धरून उठली आणि पोराच्या आडवी झाली.

"हितं बी म्हना, सायेब," तो म्हणाला.

मी म्हटलं. इथं मात्र माझा आवाज बसला होता. म्हातारीनं पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या तोंडावर काहीच उमटलं नाही.

"मोठ्यानं म्हना," तो हळूच म्हणाला. "तिला कमी ऐकू येतं."

मी टोपी काढली, तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हटलं.