तिन्ही कॉम्प्युटर एका शब्दावर थांबले

ये वं, जवळ ये अशी. त्या दूरच्या शहरात बसून वाचत असलीस, तरी माझ्या खाटेवरच टेकली आहेस असं समज. आणि आधी थोडी बोलणी खा. लोकांना सांगत फिरतेस म्हणे, 'काही नाही, छोटंसंच काम होतं.' असं कायले सांगतेस? छोटं असतं तर तुझ्या ताटातली भाकर रोज वाळून गेली असती का?

मले ते दिवस स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. आपल्या लोहारा गावच्या घरातली मागची खोली, खिडकीतून येणारं पिवळं ऊन, टेबलावर तीन कॉम्प्युटर. सकाळची वंदना आटोपली की तू त्यांच्यापुढे बसायचीस आणि मी तुझ्यामागे डाळ निवडत. तूच समजावलं होतंस. प्रोग्राम कुठं चुकतो ते शोधायचं तुमचं एक अवजार असतं. चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा, त्याच्या पोटात डोकावायचं, मग पुढं सोडायचा. पण कॉम्प्युटर तीन घराण्यांचे. थांबवायचा हुकूम एकाला एक, दुसऱ्याला भलताच, तिसऱ्याला हा एवढा लांबलचक. माणसानं एकच हुकूम लिहावा आणि ज्याच्या त्याच्या भाषेत अवजारानंच तो सांगावा, असं तुले करायचं होतं. तुझ्या शहरातल्या कंपनीच्या साहेबांनी पहिल्यांदाच एकटीवर सोपवलेलं काम. जमलं नाही तर ते दुसऱ्याच्या हाती जाणार होतं, आणि तू परत दुसऱ्यांच्या चुका निस्तरत बसणार होतीस.

"आजी, दोघं ऐकून राह्यले, तिसरा काही ऐकत नाही."

"मंग त्याले रागव."

"रागावून होते काय वं?"

तुझी बोटं टकटक करत आणि मले पेंग येई. पेंगेत महागावकडचं आमचं वेचणीचं रान दिसे. ढग खाली उतरून झोपल्यासारखा कापूस. आमच्या वस्तीतल्या बाया, तांड्यावरच्या बाया, कोलामांच्या वस्तीवरच्या, पोडावरच्या बाया, बोली तीन. प्यायचं पाणी आलं की बांधावरून कोणी म्हणे, 'थांबा वं!' तो शब्द कपाशीच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना बदलत जाई, रानाच्या टोकाला पोचेस्तोवर तिसऱ्याच बोलीतला होऊन जाई. तरी थांबत सगळ्या. मी हे झोपेतच बोलले असेन, कारण एकदा तू मागे वळून म्हणालीस, "आजी, थांब कोणाले म्हणून राह्यली?"

मग एका दुपारी तिन्ही कॉम्प्युटर थांबले. तू माझ्या मांडीवरची डाळ सांडवलीस, ती मी हसत वेचली. काम साहेबांकडे पाठवून दिलंस, चहाचा कप तोंडाला लावलास, आणि चेहरा पडला.

"मेली मी! 'थांब' तसाच राह्यला आतमधे."

"कोणता थांब?"

"तुह्या तोंडचा. खरा हुकूम मंग ठरवू म्हणून इंग्रजी अक्षरांत मीच लिहिलता. आता सगळे हसतीन. काम काढून घेतीन."

"हसू दे. शिवी थोडीच लिहिली?"

तुले हसू आलं नाही. चहावर साय धरली.

दिवेलागणीला साहेबांचा फोन आला. तू मलेही ऐकू येईल असा ठेवलास, हात मात्र माझ्या पदरात. ते आधी पोटभर हसले. "ये थांब क्या है?" तू सांगितलंस. मग ते म्हणाले, मले शंका होती, तुझं अवजार त्या कॉम्प्युटरांचेच जुने हुकूम जसेच्या तसे पुढं ढकलत असेल. पण हा शब्द तर जगातल्या कोणत्याच कॉम्प्युटरला ठाऊक नाही, आणि तरी तिन्ही थांबले. म्हणजे प्रत्येकाच्या भाषेत तुझ्या अवजारानंच सांगितलं. शब्द तेवढा बदल, बाकी राहू दे.

आणि त्याच दमात, "अब इधर ही आ जाओ." पुढं सोडायचे, आत डोकावायचे, सगळेच हुकूम असे एक करायचे होते, म्हणे. तेही तूच करणार.

यवतमाळच्या स्टँडवर तुझी गाडी लागली तेव्हा तो शब्द माझ्याही तोंडाशी आला होता. गिळला बापा. इतक्या मेहनतीनं मिळालेलं काम, त्याच्या आड मी काहून येऊ?

टेबल तसंच आहे. उन्हात मी अजून तिथंच डाळ निवडते. तुरीला हिरव्या शेंगा लागल्यात. आतले दाणे, सोले, कोवळे आहेत तोवर ये, मंग वाळले म्हणून माझ्यावर रुसशील. दोन दिवस का होईना, पण ये वं लवकर.