डच गावातलं लेकरू

कॉलिंग कार्डावरून बहिणीला एखादा किस्सा सांगायला घ्यावा, तर कार्ड संपतं आणि किस्सा अर्धाच राहतो. असे अर्धे राहिलेले किती साठलेत! आता इथेच सांगून टाकते.

आयोवात, मक्याच्या शेतांमध्ये आमचं गाव. हॉलंडहून आलेल्या डच लोकांनी वसवलेलं. वसवणारे ते पणजोबा कधीच गेले, पण गाव अजून त्यांनाच घाबरून वागतं!

माझा नितीन इथल्या फॅक्टरीत इंजिनिअर. सून रूपा गरोदर, म्हणून मी आले. नितीन सारखा कामासाठी बाहेरगावी, तिकडे लांब ईडन प्रेरीला. मला ना गाडी येते, ना इंग्रजी. ऐनवेळी हाक कुणाला मारायची? शेजारी एकच, योहानाबाई. आणि ती तर हसली तर दात झिजतील अशी!

*

गावात भली मोठी पवनचक्की आहे. रेडीमेड आट्याच्या पोळ्या वातड होतात, म्हणून गव्हाची पिशवी घेऊन गेले थेट चक्कीवर. आत एक पोरगी लाकडी बूट घालून तिकिटं फाडत होती. पिशवी पुढे केली, तर तिने माझा फोटोच काढला!

नितीन म्हणाला, "आई, ती शोची आहे. दळत काही नाही."

"मग नुसते हात हलवते? पुढारीच की!"

*

एका रविवारी मागच्या अंगणात धुणं वाळत घातलं. योहानाबाईने कुंपणाशी येऊन आभाळाकडे बोट दाखवलं. म्हटलं, पाऊस आला! धावत सगळं काढलं. ऊन रखरखीत! पुढच्या रविवारी पुन्हा बोट, पुन्हा धुणं आत, थेंब नाही.

"नितीन, हिच्यापेक्षा रेडिओ बरा!"

"आई, त्या देव दाखवत होत्या. इथे रविवारी धुणं घालत नाहीत."

"मग सोमवारी देव कुठे जातो?"

*

ट्यूलिपच्या जत्रेत मिरवणुकीआधी मेयर रस्त्यावर बोट फिरवतो आणि जाहीर करतो, "रस्ता घाण आहे!" मग सगळं गाव लाकडी बूट घालून बादल्या-ब्रश घेऊन घासतं. रस्ता कसला, आधीपासूनच पोळी लाटावी इतका लख्ख!

मी म्हटलं, "ह्या मेयरला आपल्याकडे न्या रे. बिचाऱ्याला खोटं तरी बोलावं लागणार नाही!"

*

योहानाबाईने एकदा कॉफीला बोलावलं. डबा उघडला, एक बिस्किट मला, एक रूपाला, आणि खट्! झाकण बंद.

"रूपा, कुलूप पण लावते का गं?"

"आई, हळू!"

मी नेलेली पुरणपोळी तिने खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "लेकर! लेकर!"

मी म्हटलं, "एकच. नितीन."

तिने दुसरी पोळी उचलली. "लेकर!"

"अगं बाई, एकच म्हटलं ना! नवरा लवकर गेला!"

रूपा हसून हसून लोळायची बाकी. डचमध्ये लेकर म्हणजे चविष्ट! तिने आमचं लेकरूही योहानाबाईला समजावलं. बाई पहिल्यांदा हसली. रूपाच्या पोटाकडे बोट करून म्हणाली, "लेकरू?"

"हो, लेकरू!"

डबा मात्र बंदच.

*

आणि नेमक्या रविवारी सकाळी रूपाला कळा! नितीन ईडन प्रेरीला.

"आई, योहानाआजींना बोलवा, त्या गाडीने नेतील."

योहानाबाई चर्चमध्ये. चर्च कोपऱ्यावरच. पदर खोचून धावले. आत सगळं गाव ताठ बसलेलं, खोकायचीही चोरी. पाद्रीबाबांचं प्रवचन रंगात आलेलं. मला एक इंग्रजी शब्द आठवेना! दारातूनच ओरडले,

"लेकरू! लेकरू!"

सगळ्या माना वळल्या. पाद्रीबाबांचं तोंड उघडंच राहिलं. योहानाबाई मात्र ताडकन उठली आणि किल्ल्या खुळखुळवत भर प्रवचनातून बाहेर!

नात झाली. दोघी सुखरूप.

पुढच्या आठवड्यात पाद्रीबाबा बाळाला बघायला आले. बाळ राहिलं बाजूला, आधी माझेच हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी! काहीतरी बोलले. रूपाने बाळाचं दुपटं तोंडात कोंबलं आणि कसंबसं सांगितलं,

"आई, ते म्हणतात, इतकी वर्षं प्रवचन देतोय, पण अशी मनापासून दाद कुणी दिली नव्हती!"