गणवेशवालीचा हंडा आधी

तावडेकाकू गेल्याचं विमलताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवर सांगितलं. "आई गेली गं. धावत येऊ नकोस, सगळं आटपलंय." त्या घरात रडारड कुणालाच जमायची नाही. रडू मलाही आलं नाही. राग मात्र आला, आधी का नाही कळवलं म्हणून. पंधरवड्याने भांडुपला जाऊन आले.

ऐंशीच्या दशकात आमची चाळ तिथे टेकडीवर होती. सगळ्यांत मिळून नळ एक, आणि पाणी यायचं नेमकं शाळेच्या वेळेला. रांगेत बायका नि पोरी. पुरुष हंडा घेऊन दिसला तर त्याची टिंगल व्हायची. पोरींची शाळा रोज बुडे, मग वर्गात बाई ओरडत, मग घरचे म्हणत, काढूनच टाका नाव! काकूंना याचा भयंकर संताप. आवाज तर असा की खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला दचकावा. एका सकाळी त्यांनी नळावर हात ठेवून जाहीर केलं, "गणवेशातल्या पोरीचा हंडा आधी. कोणाला बोलायचं असेल त्याने माझ्याशी बोलायचं." भांडणं झाली, बादल्या आपटल्या, पण काकूंपुढे कोण टिकणार? नियम झाला.

मग जे झालं ते आमची चाळच करू जाणे. शाळा कायमची सुटलेल्या पोरींनाही घरच्यांनी जुने गणवेश चढवून नळावर धाडायला सुरुवात केली! त्यांत मीही होते. बाबांची गिरणी बंद पडलेली, आई मुलुंडला पोळ्या करायला जायची. बाबा दिवसभर घरी, तरी पाणी मीच भरायचं, म्हणून आठवीत माझं नाव काढलेलं. आखूड झालेला निळा स्कर्ट घालून हंडा पुढे सरकवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काकूंनी काही दिवस नुसतं पाहिलं आणि एकदा मनगटच धरून आमच्या मालवणीत कडाडल्या, "गणवेश घातलंस मां? मगे चल शाळेत!" हंडा तिथेच राहिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, हिचं नाव काढलंय." काकू म्हणाल्या, "नाव काढलंय ना? पोर तर समोर उभी आहे. बसवा." ...बसवलं.

संध्याकाळी बाबा तणतणत काकूंच्या दारात. "उद्या पाणी कोण भरतलो?"

"तू. तुजे हात गिरणीतच ऱ्हवले काय?"

बाबा पाय आपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून टॉवेल घेऊन रांगेत उभे राहिले. बायका फिदीफिदी हसल्या, पुरुषांनी तर कितीतरी दिवस पिडलं. काकू मात्र रोज आम्हा पोरींना शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायच्या, वाटेतून कुणी माघारी नेऊ नये म्हणून. मी शिकले, बँकेत लागले, बोरीवलीला घर झालं. त्या सकाळी काकूंनी मनगट धरलं नसतं, तर यातलं काही झालं नसतं.

विमलताईपुढे बसून मी हेच सगळं कौतुकाने सांगत होते. ती भाजी निवडत ऐकत होती. मी सहज विचारलं, "काकू रोज आमच्याबरोबर यायच्या, मग तुमचं पाणी कोण भरायचं गं?"

"मीच की. आमच्या बाबांनी हंड्याला कधी हात लावला नाही. तुझ्या बाबांना आई ओरडली, पण आमच्या बाबांपुढे तिचं काही चालायचं नाही. सातवीतच सुटली माझी शाळा."

मला काकूंचा राग यावा की कीव, कळेना. एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "तू बोलली नाहीस कधी त्यांना?"

"मी कशाला बोलू? शेवटी शेवटी तीच बोलायची..." विमलताई भाजीतली काडी बाजूला काढत म्हणाली. "पाय चालत नव्हते, तरी पाणी मागायची नाही माझ्याकडे. म्हणायची, तुझ्या हातचं पाणी खूप झालं गं विमल, माझं मी घेते. पडली तीही तशीच, माठाकडे जाताना."

मग म्हणाली, "बघ, तुला पाणीसुद्धा विचारलं नाही मी." ती उठू लागली. मी तिला खाली बसवलं आणि दोघींसाठी पाणी आणायला स्वतः उठले.