आल्सासची वाइन आणि माझं रजेवर गेलेलं नाक

हॉटेलात किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. शेवेच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी डबा उपडा केला की लक्षात येतं, अरे, खरी मजा तर इथेच होती! गेल्या पावसाळ्यातल्या पंधरा दिवसांचा चुरा माझ्याकडे एवढा जमलाय की कोणाला तरी वाटल्याशिवाय चैन पडायची नाही.

मी इंदूरच्या बायपासवरच्या एका हॉटेलात रेस्टॉरंट कॅप्टन आहे. आमच्या मालकांची मुलगी फ्रान्समध्ये शिकून आली आणि येताना आल्सास नावाचा तिथला एक प्रांत डोक्यात घेऊन आली. झालं, हॉटेलात वाइन रूम निघणार आणि तिथे फक्त आल्सासची वाइन मिळणार! पुण्याहून लोबो सर शिकवायला आले. पंधरा दिवस क्लास आणि शेवटी परीक्षा. पास होणारे वाइन रूममध्ये, बाकीच्यांची बदली हॉटेलच्याच महूजवळच्या लग्नाच्या लॉनवर. म्हणजे उरलेलं आयुष्य डीजेशेजारी उभं राहून पनीर टिक्का वाटायचा!

आता माझी अडचण सांगतो. मला वास येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक ताप आला, तो जाताना माझं नाक घेऊन गेला. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळायचं, बाकी सगळा सन्नाटा. दूध नासलेलंसुद्धा बघून ओळखायचो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्याला वास येत नाही असा कॅप्टन कोण ठेवेल? घरीसुद्धा बोललो नव्हतो. रेखा, म्हणजे आमची सौ., आधीच मुलीच्या कोचिंगच्या काळजीत असते, तिला आणखी कशाला घोर लावायचा? जे पुढ्यात येईल ते जेवायचो आणि "मस्त!" म्हणायचो. मुलगी आमटी खाताना तोंड वाकडं करायची, तर तिला दटावायचो.

आणि अशा माणसाला आता द्राक्षाच्या जाती वासावरून ओळखायच्या होत्या!

*

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर चार नावं लिहिली. रीसलिंग, गेवुर्ट्स्ट्रामिनर, पिनो ग्री, मस्कट. म्हणाले, "ही आल्सासची चार खानदानी द्राक्षं."

आमचा बारटेंडर पंकज भिया (आमच्या इंदुरात भैयाचा भिया होतो) महूचा. तिथल्या लष्कराच्या मेसमध्ये बरीच वर्षं रमचे पेग भरलेला माणूस. तो म्हणाला, "सर, ही पहिली दोन नावं तर फ्रेंच वाटतच नाहीत."

सर म्हणाले, "जर्मन आहेत. हा प्रांत कधी इकडे, कधी तिकडे होता. आता फ्रान्समध्ये आहे, पण नावं, बाटल्या, खाणं, सगळ्यात थोडं जर्मन मुरलेलं आहे."

तेव्हा मागून आमचे स्टोअरकीपर मोघेजी बोलले. मोघेजी निवृत्तीला टेकलेले, आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेले, पण माल त्यांच्या ताब्यात राहणार म्हणून त्यांनाही क्लासला बसवलं होतं.

"मग त्यात मुश्किल काय आहे सर? आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत आले. आडनाव मोघे, घरात मराठी, आणि भांडण सुरू झालं की सीधं हिंदी! आम्ही पण आल्सासचेच म्हणा की!"

सरांनी इतकी वर्षं शिकवलं असेल, पण हा प्रांत इतक्या लवकर कोणाला समजला नसेल.

*

मग चव घ्यायची वेळ आली. सरांनी टेबलाच्या मधोमध स्टीलची बादली ठेवली आणि म्हणाले, "घोट घ्या, तोंडात फिरवा आणि थुंका."

कोणी हलेना. सर पुन्हा म्हणाले, "स्पिट!"

पंकज भिया हळूच म्हणाला, "सर, हे इंदौर आहे. इथे थुंकणाऱ्याचं चालान कटतं."

"अहो, बादलीत थुंकायचंय!"

"बादलीत असो की सडकेवर, आदतच सुटली ना सर!"

आणि खरंच सांगतो, इच्छा असूनही जमेना. सफाईत देशात इंदूरचा पहिला नंबर यायची इतकी वर्षांची सवय, मान बादलीकडे जायची आणि घसा आपला गिळून मोकळा व्हायचा! चार जातींचे चार ग्लास सगळ्यांनी इमानदारीत गिळले. चौथ्या ग्लासानंतर पंकज भिया लोबो सरांना "तू आपला सगा भाई आहेस" असं सांगायला लागला.

थुंकले फक्त मोघेजी. पोटात जाऊ द्यायची नाही म्हटल्यावर इलाजच नव्हता. तेही बादलीत नाही. बाहेर गेले, दोन्हीकडे बघितलं, बेसिनमध्ये थुंकले आणि पावडर लावून बेसिन घासून आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर बादलीवर त्यांच्या अक्षरात, कचऱ्याच्या डब्यावर असते तशी चिठ्ठी चिकटवलेली, "गीला". शेजारी बुचांसाठी खोकं, त्यावर "सूखा"!

*

त्यानंतर सर रोज एकच जात द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वासांची यादी लिहून मागायचे. सुरुवात गेवुर्ट्स्ट्रामिनरने, म्हणजे आमच्या तोंडी गेवुर्ट्सने झाली. मी नाक खुपसून ग्लासात बघत बसलो. सोनेरी रंग होता, चव जराशी गोडसर होती. वासाच्या नावाने शून्य.

संध्याकाळी अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी पोचलो. बूट काढतोय तोच रेखा दारात आली, नाक पुढे केलं आणि म्हणाली, "अहो, कशाचा वास येतोय हा? गुलाब?"

मी बुटाची नाडी सोडत राहिलो.

"गुलाबच. आणि लिची. वरती थोडं आलं पण आहे बघा."

मी सरळ बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि डायरीत लिहिलं. गुलाब, लिची, आलं!

सकाळी सरांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. "गुलाब आणि लिची पाठ करूनही लिहिता येतं. पण आलं! काय नाक आहे तुमचं!" पंकज भियाने तर माझ्या नाकाला हात लावून नमस्कार केला. माझे कान तापले. चोराला हार घातल्यासारखं झालं मला.

मग सरांनी थुंकणं सक्तीचं केलं. गिळेल तो वर्गाबाहेर! आता आली का पंचाईत? थुंकून चूळ भरली तर घरी न्यायचं काय? मी उपाय काढला. रोज गुपचूप रुमालावर दोन थेंब टाकायचे आणि रुमाल वरच्या खिशात ठेवायचा. रेखा दारातच तो काढून घ्यायची. "आज मध सांडलंय का? आणि मागून धूर येतोय." लिहा, पिनो ग्री! "आज तर नुसती ताजी द्राक्षं." लिहा, मस्कट!

एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. मी पान खाल्लं तरी अर्धा तास ऐकवणारी ही बाई, वाइनवरून एक शब्द बोलायची नाही. दारात उभी राहून वास मात्र खुलासेवार सांगायची.

*

गेवुर्ट्सबरोबर खायला काय द्याल, असा प्रश्न सरांनी एकदा लिहायला दिला. सगळ्यांचं उत्तर एकच. पोहे, वर जिरावन, वर शेव.

सर चिडले. "अहो, तिकडे हिच्याबरोबर खास चीज देतात! उग्र वासाचं! त्याला परंपरा आहे!"

पंकज भियाने किचनमधून गरम पोहे आणले, वर आमचा तो जिरावन नावाचा मसाला सढळ हाताने भुरभुरला आणि बशी सरांपुढे ठेवली. सरांनी एक घास घेतला, एक घोट घेतला. पुन्हा घास, पुन्हा घोट. बघता बघता बशी साफ झाली.

मग सर तोंड पुसत म्हणाले, "तुम्हाला दहापैकी दहा. हा मसाला पुण्याला न्यायला किती टिकतो?"

*

परीक्षेच्या दोन दिवस आधी स्टोअरमधून आरडाओरडा ऐकू आला. मोघेजींनी जुन्या रीसलिंगची बाटली तपासायला उघडली होती आणि ते मॅनेजर साहेबांना सांगत होते, "सर, मिलावट! रॉकेल! सगळी पेटी वापस पाठवा!"

साहेबांनी वास घेतला, त्यांचा चेहरा पडला. पंकज भियाने घेतला, म्हणाला, "पक्का घासलेट!" माझ्याकडे बाटली आली. मी नाक लावलं. काहीच नाही. गंभीरपणे मान हलवली आणि बाटली पुढे दिली.

लोबो सर धावत आले आणि पोट धरून हसले. "अहो, रीसलिंग मुरली की तिला असाच वास येतो! ही तर तिची शान! वय झाल्याची खूण आहे ती!"

मोघेजींनी बाटलीकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाचा वास घेतला. म्हणाले, "वय झाल्यावर रॉकेल? मग आमच्या सौभाग्यवतीने इतकी वर्षं चुगली कशी नाही केली?"

सगळे हसले. मीपण हसलो. पण परीक्षेत ना रेखा असणार होती, ना रुमाल.

*

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकापुढे तीन ग्लास होते आणि बाटल्या झाकलेल्या.

पहिला गडद सोनेरी, जिभेला जाडसर, गोडसर. गेवुर्ट्स लिहिलं. दुसरा लाल. आल्सासमध्ये लाल वाइनचं द्राक्ष एकच, पिनो न्वार, त्यामुळे तो फुकटात सुटला. तिसरा फिका आणि आंबट. आता आंबट तर तिथलं सिल्व्हानरही असतं, पिनो ब्लाँही असतं. मी वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. डोळ्यांपुढे लॉन आणि पनीर टिक्का नाचायला लागले. वाटलं, उठावं आणि सरांना सगळं खरं सांगून टाकावं.

शेवटचं म्हणून एकदा नाक खुपसलं, आणि शेजारी वळून म्हणालो, "पंकज भिया, स्टोव्ह कोणी पेटवला?"

"परीक्षेत बोलायचं नाही!" सर ओरडले.

"सर, पण रॉकेलचा वास..."

एवढं बोललो आणि थांबलो. ग्लास दूर नेला, वास गेला. जवळ आणला, आला. दूर, जवळ, दूर, जवळ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लहानपणी आई पहाटे स्टोव्हला पंप मारायची, तो वास होता तो. दोन वर्षांनी माझं नाक घरी आलं होतं!

पंकज भिया घाबरून कुजबुजला, "भिया, रोते क्यों हो? इतना भी टफ नहीं है पेपर!"

मी रीसलिंग लिहिलं. पास झालो. वाइन रूम मिळाली. पंकज भियालाही तिथेच बार मिळाला आणि मोघेजींनी दोघांनाही "गीला-सूखा" चिठ्ठ्या भेट दिल्या. त्या दिवशी घरी येताना अन्नपूर्णाच्या देवळापाशी गाडी उभी करून नुसते वास घेत बसलो. उदबत्ती, झेंडू, ओली माती, रिक्षाचा धूर, सगळं छान वाटत होतं. धूरसुद्धा!

घरी पोचलो तर दारात कोणी नव्हतं, रेखा स्वयंपाकघरात होती. मी बूट न काढता थेट आत गेलो आणि म्हणालो, "रेखा, आमटीत हिंग फार झालाय गं."

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला, पदराने डोळे पुसले आणि वळून म्हणाली,

"दोन वर्षं झाली, रोज इतकाच घालतेय. उद्यापासून कमी करते."