मेलेल्या भावाचे नाव

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण हे एक अजून स्वच्छ आठवते. त्यात दरोडा नव्हता की पिस्तूल नव्हते. एका माणसाला आपले नाव बदलायचे होते, एवढ्यावरून ते सुरू झाले. इथे येणारी नावे खरी नाहीत. ती मी बदलली आहेत, आणि त्यासाठी मला राजपत्रात जाहिरात द्यावी लागलेली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोरेगावच्या बाजूला फौजदार होतो. सकाळची हजेरी, गस्तीचे अहवाल, समन्स-वॉरंटची वाटणी आणि बाजारच्या दिवशी पाकीटमारांवर नजर, असे ठाण्याचे काम चाले. अशाच एका बाजारच्या दिवशी चाळिशीच्या आतबाहेरचा एक शेतकरी ठाण्यात आला. त्याचा उजवा हात कोपरात वाकत नव्हता. नमस्कारही त्याने डाव्या हाताने केला. ठाणे अंमलदाराने विचारले तेव्हा त्याने नाव बाळकू असे सांगितले. गाव कडेगावच्या बाजूचे, म्हणजे आमच्या हद्दीबाहेरचे, सांगली जिल्ह्यातले.

"सायेब, तुमच्या हितल्या एका टेलरनं पेपरात जाहिरात दिलीया," तो म्हणाला. "मारुती नाव बदलून गणपत केलंय म्हणून. मूळ गाव आमचं लावलंय."

"मग? नाव बदलायला कायद्याची हरकत नाही."

"नसंल. पर मारुती पटकीनं गेला तवा दुसरीत हुता. मी त्याच्या मातीला गेलतो."

"आणि गणपत कोण?"

"त्याचा थोरला भाऊ. गाव सोडून गेलाय. त्योच ह्यो टेलर."

"गाव का सोडले त्याने?"

"त्ये त्यालाच इचारा."

खबर देणारा माणूस साधारणपणे विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, कारण त्याला कुणाचे तरी वाकडे करायचे असते. हा विचारल्यापेक्षा कमी सांगत होता. मी त्याला गाव सोडू नका म्हणून बजावले. तो म्हणाला, "देवळात थांबतो," आणि खरोखरच जाऊन बसला.

नाव बदलण्याचे नियम तसे सोपे होते. अर्जदार सज्ञान हवा. अज्ञान असेल तर पालकाने अर्ज करायचा. कारण खरे हवे. कुणाला फसवण्यासाठी किंवा खटल्यातून निसटण्यासाठी नाव बदलता येत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर प्रतिज्ञापत्र करायचे, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मग राजपत्रात छापून येते. या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जे नाव टाकायचे, ते आधी अर्जदाराचे असले पाहिजे. बाळकू सांगत होता ते खरे असेल, तर टेलरने मेलेल्या माणसाच्या नावाने शपथ घेतली होती.

टेलरला ठाण्यात बोलावले. दुकान बरे चाललेले, बाजारपेठेत कुणाची तक्रार नाही. तो शांतपणे बसला. नाव मारुती. शिक्षण दुसरी. शाळेचा दाखला जवळ आहे. घरी सगळे गणपत म्हणतात, म्हणून तेच नाव कायम करायचे. भाऊबंद? कुणी नाहीत. प्रत्येक उत्तर तयार होते. खरे बोलणारा माणूस मधेच अडखळतो, आठवतो, चूक दुरुस्त करतो. याने एकदाही तसे केले नाही. तरीही तेवढ्यावर कुणाला खोटा ठरवता येत नाही. मी त्याला ठाण्यातच बसवून ठेवले आणि हवालदाराला घेऊन त्याच्या घरी गेलो, कारण बाईचा जबाब तिच्या घरी जाऊनच घ्यावा लागतो.

बायको दारातच होती. डोक्यावर पदर, हात पिठाचे. शेजारणीला मी पंच म्हणून बसवून घेतले.

"मालकांचं नाव काय?"

"मारुती," ती म्हणाली.

हवालदाराने लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागला. मला मात्र पुढचे काही सुचेना. तोवर मी खेड्यातल्या कितीतरी बायकांचे जबाब घेतले होते. नवऱ्याचे नाव विचारले की बाई जमिनीकडे बघते, शेजारणीला खुणावते, पोराला पुढे करते. खुनाच्या खटल्यातसुद्धा नाव घेता घेईना अशी बाई मी पाहिलेली होती. हिने ते गावाचे नाव सांगावे तसे सांगून टाकले.

मी सहज विचारल्यासारखे विचारले, "मग गणपत कोण?"

तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"नाव घ्या ना. गणपत म्हणा."

शेजारणीने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. तिच्याही ध्यानात आले असावे. मग टेलरची बायको हळूच म्हणाली, "सायेब, त्येंचं नाव मी कसं घिऊ?"

ठाण्यात परत आलो. टेलर त्याच बाकावर बसलेला होता. मी समोर बसून म्हणालो, "गणपत, तुमच्या बायकोने मारुती हे नाव मोकळ्या तोंडाने घेतले. दुसरे मात्र तिच्या तोंडातून निघाले नाही."

त्याला एवढे पुरेसे होते. तो गावाकडच्या बोलीत बोलू लागला. इतका वेळ तो ती बोली टाळत होता.

"सायेब, मी माणूस मारलाय."

पाटाच्या पाण्याची पाळी त्याची होती. शेजारच्या वावरातल्या माणसाने बारे, म्हणजे पाटाचे मातीने बुजवलेले तोंड, फोडून पाणी आपल्याकडे वळवले. शब्दाने शब्द वाढला. याने खोऱ्याच्या दांड्याने हाणले. तो माणूस पाटात पडला, डोक्यातून रक्त आले, हालेना. हा तसाच घरी आला, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन निघाला आणि पुन्हा त्या गावाकडे फिरकला नाही. बायकोला माहेर असे उरले नव्हते, त्यामुळे इकडची खबर तिकडे आणि तिकडची इकडे पोचण्याचे काही साधन राहिले नाही. धाकट्या भावाचा शाळेचा दाखला ट्रंकेत होता. त्यावर त्याने नवे बिऱ्हाड थाटले.

"मग आता जाहिरात कशाला दिलीत? मारुती म्हणून राहिला असतात तर कुणाला कळले नसते."

"लेकीचं लगीन ठरलंय. पत्रिकेत तिच्या बापाचं नाव घालत्यात, मांडवात घेत्यात. तिच्या नावाम्होरं मेल्याल्या भावाचं नाव किती दिस लावू? बायकू म्हनली, आता पुरं. अर्ज लिवनाऱ्याला इचारलं, तर त्यो म्हनला सरकारात छापून आलं की झालं."

"छापून आल्याने गुन्हा पुसला जात नाही. नाव बदलले तरी माणूस तोच राहतो, आणि त्याच्यावरचा खटलाही."

"व्हय. त्ये आता समजलं."

"ज्याला मारले, त्याचे नाव सांगा."

"बाळकू."

मी लिहिणे थांबवले. त्याला काही न सांगता हवालदाराला देवळाकडे पाठवले. थोड्या वेळाने बाळकू दारात येऊन उभा राहिला. टेलरने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग न वाकणाऱ्या हाताकडे. तो बाकावरून उठला आणि खाली फरशीवर बसला.

"वळाखलंस का?" बाळकूने विचारले.

"व्हय."

"मग तुजं नाव सांग."

"गणपत."

"मोठ्यानं सांग."

"गणपत," तो पुन्हा म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं तू मेलास."

"मेलो न्हाई. मिल्ट्रीच्या भरतीत पास झालतो मी, निगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं. तुज्या दांड्यानं मोडल्याल्या ह्या हातानं बंदूक उचलंना."



वायरलेसवर तिकडच्या ठाण्याला कळवले. उत्तर आले: कलम तीनशे पंचवीस, जबर दुखापत, आरोपी फरारी, वॉरंट कायम. खुनाचा गुन्हा कधी दाखलच झालेला नव्हता. वेळीच हजर झाला असता तर सारे कधीच मिटले असते. स्वतःचे नाव घेऊन तो इतकी वर्षे उजळ माथ्याने राहू शकला असता, त्यासाठी कुठल्याही अर्जाची गरज नव्हती. मी अटकेचा पंचनामा केला आणि त्याला सांगली जिल्ह्याच्या पोलिसांच्या ताब्यात दिले.

खोट्या शपथेबद्दल कोरेगावच्या कोर्टाने त्याला कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड दिला. मुलीची सोयरीक मात्र मोडली. पाहुण्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही. पुढे वर्षभराने दुसरीकडे जमली, आणि त्या पत्रिकेवर वडिलांचे नाव गणपत असे छापले होते. पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता.

दुखापतीचा खटला तिकडे सांगली जिल्ह्यातल्या कोर्टात चालला. त्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येत होती. वकिलाने बाळकूला विचारले तेव्हा तो म्हणाला, "करतो. पर आधी त्याच्या नावाचा पुकारा हू द्या. आमच्या गावची मानसं आल्याती हितं." मी साक्षीसाठी त्या दिवशी तिथे होतो. शिपायाने बाहेर येऊन पुकारा केला. व्हरांड्यात गावची बरीच माणसे उभी होती. गणपत त्यांच्यामधून वाट काढत पुढे आला, हजर म्हणाला आणि आत गेला. तडजोड मान्य झाली. बाळकूने भरपाई मागितली नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारले, "एवढ्यासाठी इतका खटाटोप केलात? त्याला शिक्षा तरी होऊ द्यायची होती."

"त्याच्या शिक्षेचं मला काय करायचं, सायेब?" तो म्हणाला. "ह्यो बायकापोरासकट रातोरात गेला. मी दवाखान्यात. गाव म्हनाय लागलं, बाळकूच्या भावांनी सूड उगवला, तिघांस्नी मारून गाडलं. तोंडावर कुनी बोललं न्हाई, पर आमच्या घरात लेक द्यायला कुनी तयार हुईना. माजा धाकटा भाऊ बिनलग्नाचा ऱ्हायला. आज समद्यांनी बगितलं, गडी जित्ता हाय."

एवढे बोलून तो आपल्या गावच्या माणसांबरोबर एस.टी. स्टँडकडे चालू लागला. कुणीतरी त्याची पिशवी हातात घेतली होती.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. एखादा माणूस हट्टाने एखादी गोष्ट मागतो, तेव्हा तिचा फायदा त्याला काय, हे मी त्याच्याच जागी उभा राहून बघू लागलो. तोवर मी आरोपीच्या जागी उभे राहायला शिकलो होतो, फिर्यादीच्या नाही. त्या खटल्यात नाव परत मिळवायचे होते दोघांना. अर्ज तेवढा एकानेच केला होता.